टोपली बंद करायचं ठरलं ती दुपार

परवा मुलीने सुकेळी ताटलीत काढली आणि उन्हात वाळलेल्या केळ्यांचा मधासारखा वास घरभर पसरला. मी थेट वसईच्या आमच्या ओट्यावर जाऊन पोचले.

नव्वदीची सुरुवात होती. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, घरातली पहिलीच पदवीधर. अप्पा कौतुकाने म्हणाले, "एवढी शिकलीस, तर आपल्या सुकेळीचा धंदा कसा वाढवायचा ते सांग."

मी सांगितलं, "मुंबईच्या दुकानांना थेट माल देऊ. पाकिटावर आपलं नाव छापू."

"आणि बाजारातली टोपली?"

"बंद करायची. तिथे माल उरतो."

शेजारच्या हिरामावशी तिथेच बसून सुकेळी बांधत होत्या. ती टोपली घेऊन रोज बाजारात त्याच बसायच्या.

"भाऊ, पोरीला शिकवलं त्याचं चीज झालं," त्या अप्पांना म्हणाल्या. मग हातातलं काम थांबवून त्यांनी मला विचारलं, "आनि मी कुठे बसू गो आता?"

"घरी बस आणि सुनेला छळ," अप्पा म्हणाले. सगळे हसले, मावशीही हसल्या.

बेत यशस्वी झाला. त्या कमाईवर धाकटा भाऊ इंजिनिअर झाला, घरही नीट उभं राहिलं. पण मावशींनी तो प्रश्न गमतीने विचारला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. हसणं थांबल्यावरही त्या माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. मी मात्र पाकिटावर कुठलं चित्र छापावं, याच विचारात होते.