पिंपाशी उभी राहणारी

औषध फवारणे हे आमच्याकडे पुरुषाचे काम समजतात. पाइप घेऊन आंब्याच्या कलमावर चढायचे, शेंड्यापर्यंत फवारा मारायचा आणि भिजून खाली उतरायचे. खाली पिंपाशी उभे राहून ते औषध पाण्यात कालवणे याला मात्र कोणी काम म्हणत नाही. ते बायको करते.

पालीजवळ माझी थोडी आंब्याची कलमे आहेत. गेली सात वर्षे तिथे फवारणीला एक जोडपे येते. त्यांच्या लग्नालाही तेवढीच वर्षे झाली. मूल नाही. बायकोची पाळी दोन-दोन महिने येत नसे, गळ्याशी सूज होती. देवाला गाऱ्हाणे घालून झाले, दोन वैद्य झाले. प्रत्येकाने तिलाच तपासले. ती बांगड्या कोपरापर्यंत सरकवून पिंपात काठी फिरवी आणि काठी तळाला पोचली नाही की हात घाली. मी पडवीत चहा पीत ते बघत असे. सात वर्षे बघितले.

मध्यंतरी औषधे विकणाऱ्यांनी बागायतदारांचा मेळावा भरवला. शाल, श्रीफळ, भलामोठा फलक. व्याख्याते झाडांच्या संप्रेरकांवर तासभर बोलले. कालवणाऱ्यांच्या संप्रेरकांसाठी वेळ उरला नाही. शेवटी तिच्या नवऱ्याला मंचावर बोलावून पांढरा अंगरखा, चष्मा आणि हातमोजे दिले, फोटो काढला. ते सगळे अजून प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या दाराआड टांगलेले आहे. ते घालून झाडावर चढता येत नाही, आणि खाली उभ्या असलेल्या बाईला ते द्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

या जानेवारीत ती म्हणाली, "काकी, रत्नागिरीच्या बाईडॉक्टरकडे माझ्यासोबत याल?" मी गेले.

डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. त्यांनी विचारले, काम काय करता?

"काय नाय. घरीच असते."

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या हिशेबी तसेच होते. डॉक्टरीणबाई 'गृहिणी' लिहू लागल्या. आदल्याच आठवड्यात तिचा हात माझ्या पिंपात होता. गप्प बसणे सोपे होते; पुढची फवारणी चार दिवसांवर होती आणि मोहोर चांगला आला होता.

"ती माझ्या बागेत औषध कालवते," मी म्हटले. "हाताने."

लेखणी थांबली. मग नीट चौकशी झाली: कोणते औषध, किती वर्षे, तेच कपडे घरी धुता का. हो, तीच धुते, नवऱ्याचेही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशा काही औषधांनी थायरॉईड आणि पाळी दोन्ही बिघडू शकतात. हिचे त्यानेच बिघडले असे ठामपणे सांगता येणार नाही. पण हात आधी पिंपातून बाहेर काढायचा. "आणि नवऱ्याला पाठवा. सात वर्षांत त्याला कोणी तपासलेलंच नाही."

परतल्यावर मी तिच्या नवऱ्याला सगळे सांगितले. तो पाइप गुंडाळत होता, मान वर केली नाही.

"आंबं संपू देत, काकी. मग बगू."

ती चिऱ्याच्या दगडावर बसून चप्पल झटकत होती. आवाज चढवला नाही.

"मग औषध पण तुमचं तुम्हीच कालवा. आंबं संपले तरी."

त्याने माझ्याकडे पाहिले. मालकीण म्हणून मी काही बोलेन, अशी त्याची अपेक्षा असावी. मी म्हटले, तू जाऊन आल्याशिवाय माझ्या बागेत फवारणी नाही.

फवारणी टळली. दोन कलमांवर तुडतुड्यांची कीड पडली, पाने चिकट झाली, तिथला मोहोर काळवंडला. एरवी मी आठवडाभर हळहळले असते. पण त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी तो रत्नागिरीच्या गाडीसाठी उभा होता, लग्नकार्यात घालायचा शर्ट घालून. शेजारी ती होती, हातात दोघांचे कागद धरून.