फिजिओला सांगायचं नसतं

मी कोल्हापूरची. पेठेत जन्मले, म्हणजे फुटबॉलच्या आरडाओरड्यातच जन्मले म्हणा की. पेठेचा संघ हरला की आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवत नसे. त्यामुळे कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या क्लिनिकात रिसेप्शनवरच्या पोरीनं, "मॅडम, तुमचा नवीन पेशंट इंग्लंडचा फुटबॉलपटू आहे," असं सांगितलं, तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवला आणि आरशात केस बघून आले. पन्नाशीची फिजिओथेरपिस्ट बाई मी, पण काय करणार!

आत आला तो चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, एका पायात प्लास्टिकचा जाड बूट घातलेला शांत माणूस. इथल्या एका ब्रिटिश शाळेत तो मुलांना खेळ शिकवायचा. शिकवता शिकवता टाचेमागची शीर तुटली, ऑपरेशन झालं आणि आता तो माझ्या ताब्यात आला होता. कुठल्या संघातून खेळायचास, असं मी विचारलं. त्यानं नावं सांगायला सुरुवात केली आणि सांगतच राहिला. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. टीव्हीवर दिसते त्या लीगच्या खालीही मजले असतात, तिसरा, चौथा, आणखी खालचे, हे मला त्या दिवशी कळलं. हा बाबा सगळं तारुण्य त्या खालच्या मजल्यांवर मधल्या फळीत खेळला. गोल पुढचे करायचे, फोटो त्यांचे छापून यायचे, हा नुसता पळायचा. एक-दोन वर्षं झाली की नवीन क्लब, नवीन गाव, भाड्याची नवीन खोली.

"मग बंगला-बिंगला?" मी विचारलंच.

तो हसला. "उन्हाळ्यात सासूच्या घरी राहायचो आम्ही."

मी गारच पडले. इंग्लंडचा प्रोफेशनल फुटबॉलपटू आणि घरजावई!

पण माझं डोकं फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या माणसाला काही दुखायचंच नाही. आमच्याकडे रत्नागिरीकडच्या एक चाची येतात, त्या मी नुसता हात पुढे केला तरी "या अल्ला" म्हणून डोळे मिटतात. आणि हा? टाक्यांच्या बाजूला दाबलं, अंगठा आक्रसला, कपाळावर घाम फुटला, आणि तोंडातून काय, तर "फाइन, फिजिओ." त्यांच्याकडे नावानं हाक मारत नाहीत, फिजिओ म्हणजे फिजिओ. चार-पाच वेळा हे फाइन ऐकल्यावर माझा पारा चढला.

"अरे, दुखतंय का नाही ते तू सांगितल्याशिवाय मी काय कौल लावू का देवाला?"

इंग्रजीत ते नीट बसलं नाही, पण आवाज त्याला समजला. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावर बसलेच.

त्या छोट्या क्लबांत करार वर्षा-वर्षाचा. फिजिओची खोली मॅनेजरच्या दाराला लागून. त्या खोलीतल्या बाकावर जो झोपलेला दिसला तो शनिवारच्या संघातून गेला. जो वरचेवर दिसला तो पुढच्या वर्षी क्लबातूनच गेला. म्हणून शहाण्यानं सगळ्यांच्या आधी यायचं, आपला घोटा आपणच पट्टीनं आवळायचा, गोळ्या गिळायच्या आणि हसत मैदानात जायचं. एकदा म्हणे बरगडीला चीर गेली असताना तो तसाच खेळत राहिला. खोकला आला की संडासात जाऊन दार लावून खोकायचा. आणि हे सगळं हसत, गंमत सांगावी तसं.

"फिजिओ माणूस चांगला असतो," तो म्हणाला, "पण त्याला सांगायचं नसतं. तो वर सांगतो."

आईशप्पथ सांगते, इतकी वर्षं मी हे काम करतेय. लोकांनी मला शिव्या दिल्यात, दुवा दिल्यात, खजुराचे डबे आणून दिलेत. पण मी चहाडखोर आहे असं कुणाला वाटत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"इथं वर कोण आहे तुझ्या?" मी विचारलं.

"शाळा."

मग तेही बाहेर आलं. त्या क्लबांत सीझन संपत आला की मॅनेजर ज्यांना ठेवायचं त्यांना एकेक करून बोलावून घेतो. ज्याला बोलावणं येत नाही त्यानं काय ते समजायचं आणि सामान बांधायचं. शाळेनं त्याला अजून बोलावलं नव्हतं. मे उजाडला होता. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, इकामा गेला की बायको आणि दोन मुलींना घेऊन पुन्हा सासूचं दार. त्याला वाटत होतं, सुट्टी लागायच्या आत मैदानावर पळताना दिसलो तर अजूनही बोलावतील.

"अरे, मग जाऊन विचार की त्यांना!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी भलतंच बोलले. "विचारायचं? विचारणाऱ्याला तर आधी काढतात."

पुढच्या आठवड्यात, बाहेर धुळीनं आभाळ पिवळं झालेलं असताना, तो आला आणि टेबलावर बसला. मी बूट काढला. पोटरी सुजून चकाकत होती. हात लावला तर गरम.

"कधीपासून आहे हे?"

"फाइन, फिजिओ."

"फाइन गेलं खड्ड्यात! कधीपासून?"

"तीन-चार दिवस." आणि एवढं बोलायला त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला.

"छातीत काही होतंय?"

"उसण भरलीय. बॉलची पिशवी उचलली ना."

असल्या ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. सूज आली, धाप लागली तर तासाभरात फोन कर, असं मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि त्यानं शहाण्या मुलासारखी मान हलवली होती. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, घाबरला बिचारा. मी वाकले.

"शाळेला सांगणार नाही ना?"

सगळ्या क्लिनिकसमोर मी कोल्हापुरी मराठीत ओरडले, "अरे मुडद्या, मरशील की रे!" रिसेप्शनवरची पोर रडायलाच लागली.

गुठळी फुप्फुसात पोचली होती. वाचला, पण आणखी एक रात्र घरी काढली असती तर वाचला नसता, असं हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. तो वॉर्डात आल्यावर मी भेटायच्या वेळेला गेले. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी खुर्चीत रडून डोळे सुजलेली बायको. मी बसते न बसते तोच शाळेच्या मुख्याध्यापिका फुलं घेऊन आल्या. त्यांना बघताच या माणसानं नळी ओढून काढली आणि ताठ बसायला लागला.

"रविवारी शाळा उघडली की येतो मी," तो धापा टाकत म्हणाला. "मला ठाऊक आहे, तुम्ही मला बोलावलं नाहीत. पण एकदा पळताना बघा, मग ठरवा."

बाईंना काही कळेना. "बोलावलं नाही? कशाबद्दल?"

"पुढच्या वर्षाबद्दल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं. "अहो, आम्ही बोलावतो ते ज्याला काढायचं असतं त्याला. बाकीच्यांचा करार आपोआप पुढे चालू राहतो. तुमचं नाव पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात केव्हाच लागलंय."

त्याच्या बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता हा हसेल, नाहीतर रडेल. त्यानं दोन्हींतलं काही केलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्हाला सांगितलं असतं, तरी चाललं असतं?"

मी नळी उचलली आणि पुन्हा त्याच्या नाकाला लावली.