खिशातले गव्हाचे कोंब

ती तक्रार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. वर्दी उतरवून मला फार वर्षं झालेली नाहीत. तिशीच्या आत नोकरी सोडली म्हणून मित्र मला 'रिटायर फौजदार' म्हणून चिडवतात. चिडवू द्या. ही केस मी सांगणारच.

पुसदच्या बाजूला एक कॉलेज आहे. आमच्या बंजारा तांड्यांनी उभं केलेलं. आमच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, बाकीच्या शाळांत आमची पोरं मागच्या भिंतीला टेकून बसत. म्हणून तांड्यांच्या प्रमुखांनी, नायकांनी, जमीन दिली, लोकांनी खपून भिंती बांधल्या. फक्त सरकारी कागद लिहिता यावेत म्हणून सचिव मात्र शहरातला, घरात पिढ्यान् पिढ्या कचेरीची नोकरी असलेला माणूस आणला. तो खुर्चीला चिकटला तो चिकटलाच.

शिकून बाहेर पडलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजला कॉम्प्युटर पाठवले. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोली रिकामी. दुपारी सचिवांची तक्रार आली, सोबत खबर देणारा कॉलेजचा चौकीदार.

"म्या डोळ्यानं पाह्यलं साहेब. काल दिवे लागायच्या टायमाले होस्टेलचे पोट्टे डोक्यावर खोके घेऊन जाऊन राह्यले होते."

त्यानं नाव घेतलं ते फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या पोराचं. शेवटच्या वर्षाला होता. संध्याकाळपर्यंत त्याला ठाण्यात आणून बसवलं. अटक नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही, नुसतं बाकावर बसवलेलं. याला आमच्याकडे 'चौकशी' म्हणतात.

झडतीत त्याच्या पिशवीत पळायचे बूट निघाले. शर्टाच्या खिशातून फिकट पिवळ्या कोंबांची जुडी निघाली. ठाणेदारांनी ती नाकाला लावली.

"काय बे हे? गांजा हाय का?"

"गहू हाय साहेब. तीजचा. बहिणीनं देल्ला."

सगळं ठाणं हसलं. मी हसलो नाही. मीही तांड्यावरचाच. हे कोंब कुठून येतात ते मला माहीत होतं.

मी त्याच्याजवळ जाऊन आमच्या बोलीत विचारलं, "तार तांडो कुणसो?" तुझा तांडा कोणता?

त्यानं मान वर केली. भावाला मारावी तशी हाक मारली. "भिया, मले सोडव. उद्या सकाळी यवतमाळले माहं ग्राऊंड हाय. वनरक्षकाच्या भरतीचं. एवढं पळून घेऊ दे, मंग आणून बसवा पुन्हा."

मी ठाणेदारांकडे गेलो. सांगितलं, साहेब, खबर खोटी आहे. श्रावणात आमची तीज असते, लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात. अष्टमीला टोपल्या नायकाच्या दारातून निघतात, कोंब वाटले जातात. त्या दिवशी बहिणीसमोर भाऊ हजर नाही असं होत नाही. होस्टेल अख्खं रिकामं असतं. या पोराला कुणी पाहिलं असेल तर तांड्यावरच.

"साक्षीदार कोण? तांडाच ना?" ते म्हणाले. "तांड्यावरचे समदे एकमेकांचेच. आन् तू बी त्यांचाच. तुले तर तसंच वाटन."

मग मी चौकीदाराला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बारीकसारीक विचारत राहावं, हे मी नोकरीत शिकलो होतो.

"पोट्टे खोके घेऊन गेले तेव्हा बाकीचे काय करत होते?"

"जेवून राह्यले होते ना मेसमंदी. गोंधळ चालू होता नेहमीसारखा."

"काय होतं जेवायले?"

"भाजी-पोळी... आन् वरण."

"काका, काल मेसची चूलच पेटली नाही. स्वयंपाकीणबाई बी तांड्यावर गेलती, पोरीच्या तीजले. तुम्ही वरण कोणाच्या घरचं पाह्यलं?"

त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "मले काहून मारता साहेब? सचिव साहेबानं जसं सांगतलं तसं बोललो."

पत्ताही त्यानंच दिला. माल सचिवांच्या पुतण्याच्या कोचिंग क्लासमध्ये होता. टेबलांवर मांडूनही झाला होता. पाठीमागची देणगीदारांची चिठ्ठी खरवडलेली, पण अर्धी अजून वाचता येत होती. अष्टमीला होस्टेल शांत असतं, एवढं सचिवांनी हेरलं होतं. का शांत असतं, हे इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

हे उघड झालं तेव्हा सकाळ झाली होती. मी म्हटलं, साहेब, पोराला आता तरी सोडा, गाडीवर घालून नेतो. ठाणेदार म्हणाले, "आधी जप्ती होऊ दे. पंचनामा होऊ दे. घाई कायले?" पंचनामा झाला. सचिव ठाण्यात आले, त्यांच्यासाठी चहा आला. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी नेले होते, कळवायचं राहून गेलं, असा त्यांचा जबाब झाला. गैरसमजातून तक्रार, असा शेरा मारून केस मिटली. तोवर यवतमाळला मैदान रिकामं झालं होतं.

पोराला सोडलं तेव्हा त्यानं बूट हातात घेतले. टेबलावरचे कोंब वाळून गेले होते, तेही उचलून खिशात ठेवले. माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो साहेब."

आदल्या संध्याकाळी मी त्याचा भिया होतो.

या केसनं मला काय शिकवलं? पुरावा समोर असून भागत नाही. तो कुणाच्या खिशातून निघाला यावर त्याची किंमत ठरते. निर्दोष असल्याचा पुरावा आम्ही हुंगून गांजा ठरवत होतो.

नोकरी सोडली. आता अशा कॉलेजांच्या पोरांसाठी कायदेशीर हक्कांची पत्रकं छापतो, वाटतो. मदत करणारे भेटतात, भली माणसं असतात, विचारतात काय पाठवू. मी म्हणतो, पाठवा, जरूर पाठवा. पण सोबत एकदा स्वतः या आणि फाटकाशी उभे राहा.

कारण त्या केसनंतर कॉलेजनं सुरक्षेचा नवा नियम केला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची पिशवी चौकीदार उघडून बघतो. तोच चौकीदार. मागून सचिवांच्या गाडीचा हॉर्न वाजला की पोरांना बाजूला सारतो, फाटक सताड उघडतो आणि सलाम ठोकतो. गाडीची डिकी आजवर कुणी उघडलेली नाही.