जपानी हॉटेलात जाण्याआधी आयला दिलेल्या सूचना

लेकीला मुंबईत नोकरी लागली आणि तिने आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या आयला, एका भारी जपानी हॉटेलात दुपारी जेवायला न्यायचं ठरवलं. बोईसरहून निघाल्यापासून मी गाडीत आयला सूचना देत होतो. मोठ्याने बोलू नकोस. भाव विचारू नकोस. मासा कच्चा दिला तर तोंड वाकडं करू नकोस. आणि मुख्य म्हणजे, तू मासे विकायचीस हे कुणाला सांगत बसू नकोस.

"परीक्षा तुजी हाय का माजी?" आयने विचारलं.

माझीच होती. आयने चाळीस वर्षं नवापूरच्या किनाऱ्यावरून माशांची पाटी उचलून बोईसरच्या बाजारात नेली. त्या पाटीवर मी शिकलो आणि कारखान्यात तपासणी खात्यात चिकटलो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, घरी काय असतं? मी म्हणालो, शेती. आमची जमीन म्हणजे बोंबील वाळत घालायचं अंगण. पण एकदा शेती म्हटल्यावर ती तीस वर्षं कसावी लागली. दर पावसाळ्यात सहकारी विचारायचे, लावणी झाली का, आणि मी चेहरा लांब करून म्हणायचो, यंदा पाऊस ओढ देतोय.

हॉटेलात टेबलं नव्हतीच. एक लांब लाकडी ओटा, पलीकडे आचारी, अलीकडे आठ खुर्च्या. एवढं महागाचं जेवण आणि बसायचं मात्र अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून, लग्नाच्या पंगतीसारखं. माझ्या एका बाजूला आय, तिच्यापलीकडे लेक. दुसऱ्या बाजूला साठीचं एक मराठी जोडपं. गृहस्थ बोलके निघाले.

"कुठून आलात?"

"पालघरकडून. शेती आहे आमची," मी म्हणालो. सवय झाली की खोटं विचारायच्या आधीच बाहेर येतं. लेकीने वाकून माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरचा ओला रुमाल उलगडून मन लावून हात पुसले.

एवढ्यात आचाऱ्याने एक अख्खा मासा फळीवर मांडून आमच्यासमोर आणला. गृहस्थ बायकोला समजावू लागले, "ताजा मासा डोळ्यांवरून ओळखायचा बरं का." नुसते डोळे बघून मासा घेणाऱ्या गिऱ्हाईकाला आमच्याकडच्या बायका मनातल्या मनात हसतात. मीही हसलो असतो आणि गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माझा अंगठा माझ्या बापाचंही ऐकत नाही. तो सरळ माशाच्या कल्ल्याखाली गेला, कल्ला उचलला, आतला लालभडक रंग पाहिला, आणि माझ्या तोंडून गेलं, "सकालचाच हाय!"

आचाऱ्याने मासा हळूच मागे घेतला आणि माझ्यापुढे दुसरा ओला रुमाल ठेवला. आयला मी इतकं बजावलं होतं, आणि माती खाल्ली ती मी.

"शेती म्हणालात ना?" गृहस्थांनी विचारलं.

"हो. हे यूट्यूबवर पाहिलं होतं."

त्यांच्या बायकोला गंमत वाटली. त्या पुढे वाकून आयला म्हणाल्या, "मावशी, तुम्हालाही कळतो का हो ताजा मासा?"

आयने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून हसली.

"नाय बाय. आमी शेतीवाले. मला त्यातलं काय कलत नाय."

अंधारात नुसतं बोट लावून मासा कधीचा ते सांगणारी ही बाई. ती इतकं सहज खोटं कशी बोलली? आणि मग आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी साहेबांबरोबर बाजारातून चाललो होतो, आणि समोर आय पाटी मांडून बसली होती. मी न पाहिल्यासारखं करून पाय उचलला. तिने लगेच तोंड फिरवून भलत्याच गिऱ्हाईकाला हाक मारली. तेव्हा मी सुटलो म्हणून खूश झालो होतो. आता त्या उंच खुर्चीवर मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"ही माझी आई," मी गृहस्थांना म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "चाळीस वर्षं मासे विकलेत तिने. आमची शेती वगैरे काही नाही. मी खोटं बोललो."

"अरे वा, छान!" गृहस्थ म्हणाले आणि पुढ्यातला घास उचलून खाऊ लागले. बस्स. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं पहारा दिला, तिची त्यांना एका घासाएवढीही किंमत नव्हती.

आयने ओट्याखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकं हळू ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"दमला आसशील ना रं, एवडी वर्सं?"