बांधावरचं पान

सीवूड्सच्या रस्त्यावर ओहोटीच्या चिखलाचा वास आला की मला एक सर्वपित्री अमावास्या आठवते. आमच्या पणजोबांनी खाडीचं पाणी अडवायला बांध घातला आणि तिथे पहिल्यांदा भात पिकवला. त्याच भातावर वाढून मी घरातला पहिला पदवीधर झालो. बांध पणजोबांचा, म्हणून त्यांचं पान आम्ही घराच्या छपरावर नाही, बांधावरच ठेवायचो. पुढे बांध भरावाखाली गेला आणि तिथे सोसायटी उभी राहिली. त्या दिवशी भात-वड्यांचं पान घेऊन वडील गेटवर गेले, मी मागे. वॉचमन म्हणाला, "काका, आत सोडता येत नाही, सेक्रेटरी ओरडतो." वडील म्हणाले, "आमच्या आज्यानं बांध घातला म्हनून तुमचा सेक्रेटरी सुका हाय, नायतर खाडीच्या पाण्यातनं पवत घरी आला असता." वॉचमन हसला, मग हळूच म्हणाला, "माझ्या बापाचं पान गावाकडं कुणी ठेवलं का, ठाव नाही." त्याने गेट उघडलं आणि पाण्याच्या टाकीमागे कावळे बसतात ती जागा दाखवली. वडिलांनी पान ठेवलं, त्यातला एक वडा वेगळा काढला आणि म्हणाले, "ह्यो तुज्या बापाचा." आता वडील नाहीत, पान मी नेतो. तो वॉचमन केव्हाच नोकरी सोडून गेला, पण त्याच्या बापाचा वडा मी अजून वेगळा ठेवतो.