मोटारीत गेलेली पुरणाची जाळी

माझी बायको वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून लोक तिलाच नावं ठेवतील, आणि आमच्या घरात एकाच्या चुकीचा बोल दुसऱ्याला लागणं एकदा होऊन गेलंय. तेवढं पुरे झालं.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो, कॅरीला. मी नागपूरचा, बायको पुण्याची, दोघंही आयटीत. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली, घर रिकामं रिकामं वाटायला लागलं, आणि मी गॅरेजमध्ये हॉट रॉड बांधायला घेतली. म्हणजे आजोबांच्या वयाची जुनी मोटार आणायची, छप्पर कापून तिला बुटकी करायची, चाकांवर खाली बसवायची आणि आत दांडगं इंजिन घालायचं. आमच्या मराठी मंडळातले लोक मॅरेथॉन पळतात, दुसरं घर घेतात. मी शहराबाहेरच्या एका शेतातून गंजका सांगाडा उचलून आणला. त्याच्या आतून झाड उगवलं होतं. बायको म्हणाली, "लोक भंगार विकतात. तू विकत आणलंस. धन्य आहे."

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक रिटायर्ड वेल्डर राहतो, त्याने मला हे सगळं शिकवलं. कॅटलॉगमधून पार्ट मागवून गाडी कुणीही जोडेल, त्यात काय मोठं, असं त्याचं म्हणणं. तेच काम करणारी वस्तू हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात टांगलेली असते, फक्त पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलेलं असतं. मग मी दर शनिवारी त्या दुकानात नळांच्या, फाटकांच्या, खुर्च्यांच्या सामानातून नुसता हिंडायचो. "काय शोधताय?" असं तिथल्या बाईने विचारलं की मी म्हणायचो, "दिसलं की सांगतो." फाटकाच्या बिजागऱ्या मोटारीच्या दारांना लागल्या. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांच्यावर बॅटरीचा ट्रे सरकायला लागला. खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूच बॉनेटखाली बसले, म्हणजे बॉनेट खडखडत नाही. एकदा ही नजर लागली की ती दुकानापुरती राहत नाही हो. ती घरात येते.

घरात पहिला गेला तो बायकोचा चॉपिंग बोर्ड. जाड, पांढरा, प्लास्टिकचा. तो सडत नाही, कुरकुरत नाही, म्हणून त्याचे चौकोन कापून मी गाडीच्या बॉडीखाली गाद्यांसारखे घातले. संध्याकाळी बायको हातात कांदा घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि जे काही बोलली ते शेजाऱ्यांना भाषा न कळताही कळलं असेल. शेवटी मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखी शपथ घेतली, की स्वयंपाकघरातली एक चमचीसुद्धा आता इकडे येणार नाही. "आली तर गाडी जाईल," ती म्हणाली. ती बोलते ते करते.

त्याच हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. वडील गेल्यानंतर सात वर्षं ती नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती, आणि मजेत राहत होती. पहिल्या दिवशीच तिने सांगितलं, "सहा महिने म्हणजे सहा महिने. मग मी माझ्या घरी." त्या फ्लॅटची किल्ली ती बटव्यात घालून सतत कमरेला ठेवायची. बायको चिडवायची, "आई, इथून दार उघडणार आहात का?" आई म्हणायची, "असू दे न बाई. जवळ असली की बरं वाटते."

तेव्हा माझं इंजिन बसून झालं होतं. ते जिथून हवा ओढतं ते तोंड बॉनेटच्या वर उघडं होतं आणि त्यावर जाळी हवी होती, नाहीतर पानं-खडे आत जातात. दुकानात मनासारखी मिळेना. एका सकाळी मी डिंकाची बाटली शोधत स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडला, आणि मागच्या बाजूला स्टीलची गोल जाळी दिसली. एकसारखी भोकं. मापाला अगदी बरोबर. ती पुरणयंत्राची आहे हे मला कळलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. कळलं होतं. ते यंत्र माझ्या सासूबाईंचं, त्या गेल्यावर बायकोने पुण्याहून हातातल्या बॅगेत घालून आणलेलं, हेही माहीत होतं. पण पुरण वर्षातून एकदा होतं, होळीपर्यंत दुसरी जाळी शोधून ठेवू, असं मी मनात म्हटलं आणि तिला स्क्रूसाठी दोन मोठी भोकं पाडली. मग इंडियन स्टोअरमध्ये नवीन यंत्र पाहिलं, तर त्याची जाळी बारकी. आणखी कुठे शोधलं? कुठेच नाही. गाडीत रमलो होतो, विसरलो. विसरलो तो मी. हे नीट लक्षात ठेवा.

होळीला इथे पाइनच्या झाडांचा पिवळा पराग सगळीकडे बसलेला असतो, म्हणून दारं-खिडक्या बंद. घरभर गूळ आणि वेलदोड्याचा वास कोंडलेला. पुरण शिजून तयार, गरम असतानाच वाटायला हवं, आणि बायको एकामागून एक ड्रॉवर उघडत होती. मी पाणी प्यायला आलो होतो. ग्लास तोंडाशीच राहिला.

"आई," बायकोने विचारलं, "परवा तुम्ही हे खालचं आवरलंत ना? जाळी कुठे ठेवलीत?"

आईने जानेवारीत एक तळ गेलेली कढई जुन्या वस्तूंच्या दान-पेटीत टाकून दिली होती, त्यामुळे विचारण्यात तसं काही वावगं नव्हतं. आई टेबलाशी जायफळ किसत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक क्षण. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिने ते वाचलं.

"गेली असेल बाई माझ्याच हातून," ती म्हणाली. "आता नाही आठवत."

मी बोलायला हवं होतं. दोन शब्द, 'मी घेतली', संपला विषय. फार तर दोन दिवस अबोला झाला असता, फार तर गाडी गेली असती. मी ग्लास सिंकमध्ये ठेवला आणि गॅरेजमध्ये गेलो. बायकोने पुरण पिठाच्या चाळणीतून रगडलं, ते भरड राहिलं, पोळ्या फुटल्या. आईने फुटलेल्या पोळ्या आपल्या ताटात घेतल्या.

आता बायकोचं सांगतो. तिची आई गेली ती स्मृतिभ्रंशाने. तिची सुरुवातही अशीच झाली होती, वस्तू हरवणं, 'आठवत नाही' म्हणणं. तेव्हा हिने अमेरिकेतून फोनवर ते हसण्यावारी नेलं होतं आणि ते तिला आजही खातं. त्यामुळे माझ्या आईच्या त्या एका वाक्याने ती मुळापासून हादरली. यावेळी आपण उशीर करायचा नाही, असं तिने ठरवलं. चार दिवसांनी तिने इंटरनेटवरून प्रश्नावली काढली आणि आईसमोर बसली.

"आज तारीख काय?"

"आज संकष्टी," आई म्हणाली. "फाल्गुन वद्य चतुर्थी."

"अहो आई, तारीख."

"ती तुम्ही पाहा न फोनमध्ये. भिंतीवर कॅलेंडर तरी कुठं आहे तुमच्याकडे?"

बायकोने चुकीची खूण केली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "काहून?" तिथेही चुकीची खूण. मी शेजारीच बसलो होतो, भाजीत मीठ जास्त झाल्यासारखं तोंड करून. मग ड्रॉवरवर चिठ्ठ्या लागल्या. आई गॅस पेटवून विसरेल म्हणून शेगडीची बटणं काढून बायको वरच्या फळीवर ठेवायला लागली. माझी आई, जिने पन्नास वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, ती चहासाठी बटण मागायची.  मी फळीवरचं बटण काढून द्यायचो आणि गॅरेजमध्ये जायचो.

पुण्याहून दादाचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. "खरंच का रे? तुझी बायको म्हणतेय आईचं डोकं..."

"हो, थोडं थोडं होतंय," मी म्हणालो. आडवा पडून म्हणालो. उठलोसुद्धा नाही.

जायच्या आधी एकदा आई मला चहाला बोलवायला गॅरेजमध्ये आली. "काय करून राहिला बाबू?" तिने विचारलं, आणि गाडीसमोर बराच वेळ उभी राहिली. बॉनेटच्या वर, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, ती जाळी होती. तिने गाडीवरून हात फिरवला, "छान झाली," म्हणाली आणि आत गेली. म्हाताऱ्या माणसाला काय दिसतं, असं मी मनाशी म्हटलं. मला बरं वाटलं. लाज वाटते आता सांगायला, पण बरं वाटलं होतं.

दादा तिला घ्यायला मुंबईला गेला आणि विमानतळावरच म्हणाला, "आई, किल्ली मी सांभाळतो." ती नागपूरला गेलीच नाही. आधी दादाकडे राहिली. दादा-वहिनी दिवसभर ऑफिसात, आईला एकटं कसं ठेवायचं, म्हणून मग पुण्याबाहेर विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथे. चांगलं आहे ते, बाग आहे. फक्त दाराला नंबरांचं कुलूप आहे आणि तो नंबर राहणाऱ्यांना सांगत नाहीत. नागपूरचा फ्लॅट वडिलांनी दादाच्या नावावर केलेला होता. बंद घर पडून राहतं म्हणून त्याने तो विकायचं ठरवलं आणि मला मेसेज केला. 'आईला सांगायचं का? मला वाटतं नको. आज सांगितलं तर उद्या विसरेल.' ती काही विसरत नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. मी लिहिलं, 'ओके.'

मागच्या महिन्यात फ्लॅटचा व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी माझी गाडी पहिल्यांदा सुरू झाली. तीन वर्षं वाट पाहिली होती. पण कान भरून तो आवाज ऐकताना जो आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. तरी बायकोला बाहेर बोलावलं. ती आली, हसली, चक्क कौतुकाने गाडीभोवती फिरायला लागली. मी दाखवत होतो, ही फाटकाची बिजागरी, हे खुर्चीचे बूच. ती बॉनेटपाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"बंद कर," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.

"ही माझ्या आईची आहे." तिचा आवाज अजिबात चढला नाही. ती चढ्या आवाजात बोलली असती तर किती बरं झालं असतं. "आणि तू मला तुझ्या आईच्या शेगडीची बटणं काढू दिलीस."

मी काहीतरी पुटपुटलो. तिने ऐकलं नाही. "काढ ती. आणि त्यांना फोन लाव. आत्ता."

पुण्यात संध्याकाळचे सात वाजले होते. केंद्रातल्या बाईने व्हिडिओ कॉल घेऊन फोन आईसमोर धरला. आईने बटवा मांडीवर ठेवला होता, चपटा, रिकामा. मी जाळी कॅमेऱ्यासमोर धरली. ती अजून गरम होती. म्हणालो, "आई, ही मी घेतली होती. तू नाही हरवलीस. मी घेतली आणि बोललो नाही."

बायको माझ्या खांद्यावरून पुढे आली. "आई, मला माफ करा," एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"तुझं काय चुकलं बाई," आई म्हणाली. "तू काळजीनंच केलं. मी गॅरेजमध्ये पाहिली होती न ती. म्हटलं, तो सांगेल. आपण होऊन सांगेल."  मला वाटलं आता मला बोलेल. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पण तिचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, लहान मुलीसारखा उजळला.

"बरं झालं बोलला," ती म्हणाली. "आता दादाला सांग, माझी किल्ली आणून दे म्हणावं. मी जाते माझ्या घरी. साफसफाई करावी लागेल, दीड वर्ष झालं बंद आहे. पण होईल."

बायकोने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. फ्लॅट विकल्याचं तिलाही माहीत होतं. तिने डोळ्यांनी मला सांगितलं, बोल. या वेळी तरी बोल.

"हो आई," मी म्हणालो. "सांगतो त्याला."

"कधी देईल?"

"पुढच्या महिन्यात."

"तारीख सांग," आई म्हणाली आणि उशाखालची छोटी वही काढून पेन उघडलं. "लिहून ठेवते. नाहीतर म्हणाल, म्हातारी विसरली."

मी तारीख सांगितली.