तिसरा चौकोन

मी याद्या करते. ऑफिसच्या करते, घराच्या करते, सुटीवर जाताना करते आणि परत आल्यावर काय विसरलं त्याचीही करते. एका औषध कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळत मला एकोणीस वर्षं झाली. मुलीच्या शाळेत मला जे काम मिळालं ते या सवयीमुळेच, आणि तिथे मी जे केलं तेही.

आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहतो. इथल्या सरकारी शाळा चांगल्या म्हणून लोक इथे घर घेतात. आम्हीही त्यासाठीच घेतलं. पण चौथीत असताना मुलीचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. दोन डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या झाल्या. पोटात काहीही निघालं नाही. शनिवार-रविवारी दुखायचं नाही, आणि ज्या दिवशी घड्याळ लावून गणिताची परीक्षा असायची त्या दिवशी जास्त दुखायचं. हे मला कळलं कारण मी तारखा लिहून ठेवल्या होत्या.

मग आम्ही तिला एका लहान शाळेत घातलं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरणारी शाळा, बावीस मुलं, दोन शिक्षिका. तिथे इयत्ता नाहीत. प्रत्येक मुलाचा भिंतीवर एक नकाशा असतो. नकाशा म्हणजे जाड कागदावरचा तक्ता. त्यात प्रत्येक धड्यापुढे तीन चौकोन. पहिला, शिकते आहे. दुसरा, जमलं. तिसरा, दुसऱ्याला शिकवलं. या तिसऱ्या चौकोनात कुणाला शिकवलं त्याचं नाव लिहायचं आणि मग तो हिरव्या पेन्सिलीने रंगवायचा, तोही मुलाने स्वतः. तिसरा भरल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. एखाद्याला दोन आठवडे लागतात, एखाद्याला दोन महिने. कुणी काही म्हणत नाही.

नवरा म्हणाला, "एक वर्ष. स्प्रिंग ब्रेकपर्यंत अपूर्णांक संपले नाहीत तर सहावीला परत आपल्या शाळेत. सहावीत गणिताचे गट पडतात यार, मागे राहिली की राहिली." मला ते रास्त वाटलं. मी एप्रिलमधली ती सुटी कॅलेंडरवर टाकली. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती, ते मला नंतर कळलं.

पोट दुखायचं थांबलं. ऑक्टोबरात ती गाडीत गाणं म्हणायला लागली. आणि नोव्हेंबरात ती अपूर्णांकांच्या भागाकारावर येऊन अडकली.

मी तिला घरी शिकवलं. शाळेचं म्हणणं होतं की घरी शिकवणी नको, पण ते मी फारसं मनावर घेतलं नाही. आम्ही शिकलो तसंच शिकवलं, दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण. चार दिवसांत ती वीसपैकी वीस बरोबर आणायला लागली. दुसरा चौकोन भरला. तिसऱ्यासाठी ती नऊ वर्षांच्या एका मुलीला शिकवायला बसली. त्या मुलीने विचारलं, "पण उलटा का करायचा?" माझी म्हणाली, "करायचा असतो." तिच्या गणिताच्या बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "आज नको. पुन्हा कधीतरी."

असं तीन वेळा झालं. घरी येऊन तिने मला विचारलं, "आई, का उलटा करायचा?"

"अगं, नियम आहे तो."

"बट व्हाय?"

मी कुकर लावत होते. म्हटलं, "आधी हात धू."

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंग झालं, नोकरी झाली, तरी कधी अडलं नाही.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. जवळच्या पिस्कॅटवे गावातल्या एक काकू आल्या होत्या. त्या निवृत्त डॉक्टर आहेत, आम्ही या देशात नवे होतो तेव्हापासून त्यांचा आम्हाला आधार आहे. तिळगुळाची वडी तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "काय गं, कन्यारत्न काय म्हणतंय? सध्या कुठवर आलं गणित?"

"अपूर्णांक चाललेत, काकू."

"अजून? दिवाळीलाही तेच चालले होते." त्यांनी डोळे मोठे केले. "माझ्या नातवाचं बीजगणित सुरू झालं. तीच इयत्ता ना तुमची?"

"तिच्या शाळेत इयत्ता नसतात."

"हो का? मग वाढदिवस तरी असतात ना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. वाण वाटायच्या यादीवर मी एकाच नावापुढे दोनदा टिक केली.

त्याच आठवड्यात शाळेने मला नकाशे नवे करायला दिले. तिथे प्रत्येक पालकाने आठवड्यातून अर्धा दिवस काम करायचं असतं. माझा बुधवार. आणि नकाशे माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं आणि माझी यादी कधी चुकत नाही. वापरून कोपरे फाटलेले बावीस नकाशे नव्या कागदावर उतरवायचे होते, आणि मुलांनी लिहिलेली नावं त्यांच्याच अक्षरात जशीच्या तशी गिरवायची होती.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. सतरा नकाशे झाले. अठरावा तिचा होता. मी वरून खाली उतरवत आले. बेरीज, वजाबाकी, सगळे तीन-तीन चौकोन हिरवे. अपूर्णांकांचा भागाकार: पहिला हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा कोरा.

मी दमले होते. एवढंच कारण देता येईल. सकाळपासून मान अवघडली होती, पुढच्या आठवड्यात कामाची मोठी तारीख होती, आणि तो एक पांढरा चौकोन माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या चौकोनात मी लिहिलं, "आई". म्हणजे इंग्रजीत, तिच्या अक्षरासारखं, "मॉम". आणि हिरवी पेन्सिल फिरवली. ती घरी मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतीच, म्हणजे अर्धं खरं आहे, असं मी स्वतःला म्हटलं. मग एकोणिसावा घेतला.

सोमवारी नवे नकाशे भिंतीवर लागले. संध्याकाळी गाडीत मी विचारलं, "पाहिलास का नवा नकाशा?"

"हो."

"कसा झालाय?"

"नीट." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. पलीकडे रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते. गाणं नव्हतं.

बाईंनी तिला पुढचा धडा दिला, गुणोत्तर. तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं. मी पुन्हा तारखा लिहायला घेतल्या. आलं-लिंबू दिलं, दूध बंद केलं, लवकर झोपवलं, प्रत्येकापुढे परिणाम लिहिला. कशाचाच काही उपयोग झाला नाही. एक दिवस ऑफिसच्या मीटिंगमध्ये, माझं बोलणं संपल्यावर, मी फोनवर ती यादी सहज वर सरकवली. पहिली तारीख नकाशे लागले त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मीटिंग चालू होती.

तरी मी कुणाला काही बोलले नाही. एक गोष्ट यादीत टाकली नाही की ती माझ्याकडून होत नाही, आणि ही मी टाकली नाही.

मार्चमध्ये शाळेचा फॉर्म आला. पुढच्या वर्षी जागा ठेवायची की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. सोमवारी जेवताना नवऱ्याने विचारलं, "मग? अपूर्णांक डन?"

मी म्हटलं, "झाले. नकाशावर हिरवं आहे."

मुलगी पोळीचे तुकडे करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मॅपवर झाले. मला येत नाहीत."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"आईने कलर केलं. आय डिडन्ट टीच हर." मग तिने बापाकडे बघितलं. "आता मला परत जावं लागणार का?"

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. मी वरणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"तू?" तो म्हणाला. "माझ्या जिमच्या हजेरीत तू मला एक दिवस खोटा लिहू देत नाहीस."

"हो."

"आणि हिला माहीत होतं? सगळे दिवस?"

मुलगी म्हणाली, "तिचं अक्षर आहे ते. तिचा 'एम' माझ्यासारखा नाही."

एवढं बोलून ती ताट घेऊन उठली. ताट सिंकमध्ये ठेवलं, पाणी सोडलं आणि वर गेली. तिने दोन महिने मला सांभाळून घेतलं होतं. अकरा वर्षांची मुलगी.

बुधवारी मी बाईंना सांगितलं. त्या पेन्सिलींना टोक करत होत्या. पूर्वी मोठ्या शाळेत पंचवीस-तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि मग इथे आल्या. माझं बोलणं होईपर्यंत त्यांनी यंत्र थांबवलं.

"गुणोत्तरात ती अडखळत होती," त्या म्हणाल्या. "मी विचारात पडले होते. पण तिने तुम्हाला शिकवलंय असं लिहिलेलं होतं. भिंतीवर जे लिहिलंय ते इथे आम्ही खरं धरतो."

"सॉरी."

"तिला सांगितलंत?"

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांनी एक पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि खाली ठेवली. मग पांढऱ्या लेबलांची गुंडाळी मला दिली. "हे तिच्याकडे द्या. चौकोनावर तीच लावेल. आणि नकाशे पुढच्या आठवड्यापासून दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही बाथरूमचा साबण आणि कागदी टॉवेल बघाल का? ते नेहमी संपलेले असतात."

मी हो म्हटलं. साबण आणि टॉवेलची यादी त्याच दुपारी केली. काय करणार?

मुलीने लेबल लावलं तेव्हा मी हॉलच्या दारात उभी होते. तिने ते नखाने चारही बाजूंनी नीट दाबलं. मग गुणोत्तराचं पुस्तक फळीवर परत ठेवून अपूर्णांकांचा डबा काढला. त्यानंतरच्या सकाळी पोट दुखलं नाही. पोटदुखीची यादी करणं मी थांबवलं आहे, पण हे लक्षात राहिलं.

फॉर्मबद्दल नवरा गुरुवारपर्यंत काही बोलला नाही. गुरुवारी रात्रीची भांडी मशीनमध्ये लावताना म्हणाला, "आमच्या ऑफिसात रोज सकाळी सगळे उभे राहून काय झालं ते सांगतात. मी नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नाही की मला हे कळलेलं नाही. नोकरी जाईल अशी भीती होती असंही नाही. नुसतंच नाही म्हटलं." त्याने वाट्या पुन्हा काढून दुसऱ्या ओळीत लावल्या. "हिला सहावीत जायची भीती वाटत होती, तरी बोलली."

"मग?"

"मग काय? फॉर्म कुठेय?"

शुक्रवारी सकाळी फॉर्म ओट्यावर होता, सही करून. वर पिवळ्या चिठ्ठीवर त्याचं अक्षर: गणित तू शिकवायचं नाहीस. तो तोवर स्टेशनवर पोचला होता. मी चिठ्ठी काढून फॉर्म स्कॅन केला आणि पाठवला. जागा राहिली. अपूर्णांक मात्र स्प्रिंग ब्रेकपर्यंत झाले नाहीत, आणि काकूंना पुढच्या भेटीत काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. बहुधा, अजून चाललेत, हेच.

शनिवारी मी उपम्यासाठी रवा काढत होते. मापाचे कप ओट्यावर होते. मुलगी आली आणि म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही? का उलटा करायचा ते?"

"नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

तिने माझ्या हातातून डबा घेतला. आमच्या संचात पाऊण कपाचंही माप आहे. तिने एका वाडग्यात बरोबर एक कप रवा घातला. "ओके. एक कप आहे. पावने भागायचं म्हणजे पाव कपाची किती मापं निघतील. चार. म्हणून गुणिले चार. दॅट्स ईझी." तिने वाडगा जवळ ओढला. "आता पाऊणने."

पाऊण कपाचं माप तिने भरून ताटलीत रिकामं केलं. एक. वाडग्यात थोडा रवा उरला. तिने तो पाव कपात घालून बघितला. काठोकाठ बसला.

"एक आणि पाव," ती म्हणाली. मग थांबली. "पण उत्तर एक आणि एक-तृतीयांश आहे. उलटा केला की तसंच येतं."

मला वाटलं सांगावं, किंवा निदान रिकामं पाऊण माप पुढे सरकवावं. पण हात मी ओट्याखाली धरून ठेवला. कढईत तूप तापून धूर यायला लागला होता. मी गॅस बंद केला.

तिने पाव कप उचलला, रिकाम्या पाऊण मापात रवा ओतला आणि डोळे बारीक करून आत बघितलं.

"हा कपाचा पाव आहे," ती हळू म्हणाली. "पण या मापाचा पाव नाही."

मग तिने पाव कप पुन्हा भरून त्याच मापात ओतला आणि मोजलं, दोन, मग तीन, आणि माप काठोकाठ भरलं. उपमा उशिरा झाला.